रिकामं डालगं

"आई, माझ्या जागी एक जण मेला," भूमिका म्हणाली, आणि वरणभाताचा पुढचा घास तिने तोंडात घातला.

स्नेहलच्या हातातली पळी वरणाच्या पातेल्यात तशीच राहिली. बाहेर जिन्यावरून कुणीतरी गॅसचा सिलिंडर पायरीपायरीने वर चढवत होतं, आणि तो ठणठणाट थांबला की आपल्याला काहीतरी बोलावं लागणार, असं तिला वाटत राहिलं. आसनगावात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. अमोललासुद्धा लग्न ठरताना तिने वरवरच सांगितलेली: एक भाऊ होता, कान्हा, लहानपणीच तापाने गेला. खेड्यात लहानपणी भाऊ जाणं यात विचारण्यासारखं काही नसतं, त्यानेही विचारलं नाही. पण जागी, मेला, हे शब्द एकाला एक लावून या घरात कधी कुणी उच्चारले नव्हते. ते तिच्या माहेरचे शब्द होते, मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी सोडून आलेले. आता ते पाचवं सरत आलेल्या पोरीच्या तोंडातून, भाताच्या शितांसकट, बाहेर पडत होते.

"कोण मेला?" तिने विचारलं. आवाज सरळ ठेवला.

"येशू. मला मीठ दे. तुझ्या जागी पण मेला. बाबांच्या पण, पण बाबांना अजून माहीत नाय."

अंधारात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तशी ती हादरली. सुटका आणि दचका एकदमच. म्हणजे तळमजल्यावरची माधुरी. माधुरी बिल्डिंगमधल्या मुलांच्या शिकवण्या घेई, आणि रविवारी सकाळी त्याच मुलांना जमवून गाणी, गोष्टी, चित्रं असं काहीतरी चाले. तिच्याकडे ढोलकी होती, बिस्किटं होती, आणि स्नेहलला तेवढा वेळ केस धुवायला मिळत होता. भूमिकाने ताटावरूनच हात लांब करून दप्तरातून एक कागद ओढला, कोपऱ्याला वरण लागलं. "हे बघ." तपकिरी खडूने काढलेला एक उंचवटा, टोपलं पालथं घातल्यासारखा. त्याला एक तोंड, आत गच्च काळं भरलेलं, खडू तुटेस्तोवर. शेजारी एक गोल दगड, बाजूला सरकवलेला.

"आत कोण आहे?"

"कोणीच नाय," भूमिका हसली. "तेच तर! त्याला आत ठेवलेलं, वर दगड लावलेला. सकाळी बघितलं तर रिकामं. आणि तो परत येणार आहे. कधी ते सांगत नाय."

"कोण?"

"जो मेला तो. ऐकत नाय तू."

तिने तो कागद फ्रिजवर लावला, कारण नाही लावला तर पोरगी झोपणार नव्हती. मग भांडी घासताना, ओटा पुसताना, दुधाला विरजण लावताना तिची पाठ त्या कागदाकडे होती आणि त्या पाठीला तो दिसत होता. ते टोपलं नव्हतंच, ते डालगं होतं. कोंबड्या डालायचं, बांबूच्या कामट्यांचं, वर दगड ठेवायचं डालगं. ती स्वतः भूमिकाएवढी होती तेव्हा पावसाळ्याच्या अखेरीला तापाने पडली होती. काळू नदी तुडुंब चाललेली, मुरबाडला दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. महिपतकाकाने भगताला आणलं. भगत तांदळाचे दाणे चाळवत बसला आणि म्हणाला, शिवेवरच्या चेड्याचं काहीतरी राहिलंय तुमच्याकडून, तो जीव मागतोय, जीवाला जीव द्या. शिवेवरचा चेडा म्हणजे आंब्याखालचा शेंदूर लावलेला दगड; एरवी ती आणि कान्हा त्याच्या बाजूलाच कैऱ्या पाडत. एक तांबडा कोंबडा तिच्यावरून उतरवला. तिला त्या तापातलं एवढंच नीट आठवे: तोंडाशी आलेली पिसं, त्यांचा उबट, ओलसर वास, आणि तिच्याकडे एका बाजूने बघणारा गोल डोळा. सकाळी शिवेवर नेऊन द्यायचा म्हणून तो डालग्याखाली ठेवला, वर दगड. सकाळी दगड जागेवर होता, डालगं जागेवर होतं. आत कोंबडा नव्हता. महिपतकाकाने डालगं उचलून परत ठेवलं, परत उचललं, जसं काही दुसऱ्यांदा उचलल्यावर तो असणारच होता. त्याच दिवशी कान्हा, तिच्याहून दीड-दोन वर्षांनी मोठा, सकाळी पागोळ्यांखाली नाचणारा कान्हा, दुपारी थंडी वाजते म्हणून गोधडीत शिरला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला. आणि उजाडल्यावर तिचा ताप उतरला, तिने उठून भाकर मागितली. आईने भाकर वाढली, वर मीठमिरची ठेवली, आणि तिच्याजवळ बसली नाही, उठून दाराशी जाऊन उभी राहिली. तिच्याकडे पाठ करून.

गावाने मग तो हिशोब आपल्या परीने लावला. पोरीचं आलेलं पोराने घेतलं. चेड्याला कोंबडा नाही मिळाला, हाताला लागला तो नेला. बायका पाणवठ्यावर हे तिच्या देखत बोलत, त्यात वाईटपणा नसे, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत. आणि चार दिवसांनी कोंबडा आपणहून परत आला, ओट्यावर चढून बसला. आता त्याला कापता येईना, कारण तो उतरवलेला. विकता येईना, कारण त्याच्यावर कुणाचं तरी नाव लागलेलं. तो राहिला. त्याला कुणी दाणे टाकताना तिने कधी बघितलं नाही, तरी तो राहिला, जाडजूड झाला, पुढे त्याचा एक डोळा सायीसारखा पांढरा झाला. ती शाळेला निघाली की तो पांदीपर्यंत, गावाबाहेरच्या त्या अरुंद वाटेपर्यंत, मागून चालत येई. ती अभ्यासाला बसली की तो समोर. त्याच्याऐवजी कान्हा गेला होता, आणि कान्हा तिच्याऐवजी, म्हणजे तो कोंबडा आणि ती, दोघंही एकाच माणसाच्या जिवावर जगत होती, आणि हे त्या दोघांनाच माहीत होतं. आठवीला ती मुरबाडला मामाकडे शिकायला गेली, दिवाळीला परत आली तर कोंबडा नव्हता. गेला कुठंतरी, आई म्हणाली. पीस सापडलं नाही, काही नाही.

अमोल कल्याणहून आला, हातपाय धुतले, कागद बघितला, सगळं ऐकलं आणि हसला. "म्हणजे पोरीचा विमा फुकटात उतरला म्हणायचा." मग पोळी मोडता मोडता म्हणाला, "पण जरा बघ हां. खाली ढोलकी वाजते रविवारची, लोक बोलतात. उद्या म्हणतील ह्यांची पण पोरगी तिकडे गेली. माधुरीताई वाईट नाय, पण आपल्याला कशाला?" लोक काय म्हणतील याची तिला भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती आणि तिला तारीख होती. भूमिकाला पाचवं पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते, आणि वर्षभर तिला ताप येत होता, जात होता, येत होता. शहापूरचे डॉक्टर म्हणत टॉन्सिल्स आहेत, मोठी होईल तसे कमी होतील. स्नेहलने शहापूरच्याच कॉलेजात बी.एस्सी. केलेलं, जंतू, पेशी, प्रतिकारशक्ती तिला सगळं पाठ होतं. पण पाठ केलेलं डोक्यात राहतं आणि भीती हातात राहते. घरात थर्मामीटर होता, तो ती लावायची, आकडा वाचायची, आणि मग परत पालथा हात पोरीच्या कपाळावर ठेवायची, कारण हाताचा थर्मामीटरवर विश्वास नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचा हात शेजारी सरके. रात्रभरात कितीदा सरके ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि आईचा फोन. आई, जनाबाई, मोबाईलवर अजूनही डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखी बोले. "काय गो, उतरला का ताप पोरीचा?"

"उतरला आये. टॉन्सिल्स आहेत तिला."

"ते डाक्टरचं डाक्टर बघंल. आपलं आपल्याला बघाया लागतं. तुझं राहिलंय ते राहिलंय गो. तुझ्या नावाचा कोंबडा काय त्याला पोचला नाय. आता तो पोरीपाशी मागतोय. पाचवं सरायच्या आत देऊन टाक. म्या तांबडा पाळलाय तिच्यासाठी, चांगला धिप्पाड झालाय. रविवारी आण तिला."

"पोचला नाही कसा? कान्हा गेला ना," असं ती म्हणणार होती. म्हणाली नाही. "बघते," म्हणाली. जनाबाईने बघते म्हणजे येते असंच धरलं, आणि ते बरोबरच होतं. एक कोंबडा. त्याने पोरीला ताप यायचा थांबला तर काय वाईट? नाही थांबला तरी काय वाईट? फ्रिजवरचा कागद पंख्याच्या वाऱ्याने हलला. त्यातलं काळं तोंड उघडझाप केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खाली माधुरीकडे गेली. माधुरी परातीत भिजवलेले वाल घेऊन बसली होती, सालं काढून दाणे बाजूला टाकत होती. ती तिच्याच वयाची, डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली. स्नेहल समोर बसली आणि न विचारता वाल सोलू लागली.

"पोरीला हे काय शिकवतेस गं? माझ्या जागी एक जण मेला म्हणे. जेवताना."

"घाबरली का?"

"ती कशाला घाबरेल!"

"मग तू घाबरलीस," माधुरी म्हणाली आणि हसली, पण तिच्याकडे बघून हसू आवरलं. "बघ, आमचं सगळं त्याच एका गोष्टीवर उभं आहे. ती काढली तर मग नुसती ढोलकी आणि बिस्किटं उरतात."

"पण पोरांना मरणाचं कशाला सांगायचं?"

"मरणाचं मला कुणी सांगितलं नाय, मी बघितलं. माझा बाप भगत होता, उंबरमाळीच्या बाजूला. लहान होते तेव्हा कोंबड्याचे पाय मी धरायची. बाप चांगला माणूस हो, एक पैसा जास्ती नाय घेतला कुणाचा. पण तीच माणसं परत यायची. या वर्षी पोराचं, पुढल्या वर्षी गुराचं, मग परत त्याच पोराचं. एकदा मी विचारलं, बाबा, मागच्या वर्षीचा पुरला नाय का? माझ्या बापाचा चेहरा मला अजून दिसतो. बोलला, पुरत नाय पोरी, तेवढ्यापुरतं निभतं." तिने मूठभर सालं उचलून कागदावर टाकली. "मग पुढे कॉलेजला एका मैत्रिणीकडे हे ऐकलं. की देवानेच एकदा दिलं, स्वतःचं माणूस दिलं, सगळ्यांच्या जागी, आणि ते पुरलं. परत द्यायचं नाय. आणि तो मेलेला राहिला नाय, उठला. मी घरी येऊन रडले. आनंदाने नाय गं. त्या कोंबड्यांसाठी."

"आणि त्याला काय द्यायचं?"

"काय नाय."

"काहीच नाही?"

"फुकट आहे म्हणूनच तर पटत नाय माणसाला. आपलं पाप आपल्या चांगुलपणाने फिटत नाय, म्हणून त्याने फेडलं. आपण फक्त विश्वास ठेवायचा, हो म्हणायचं. म्हटलं की माणूस आतून नवा होतो, परत जन्मल्यासारखा."

फुकट. स्नेहलला तो शब्द कानात थंड लागला. तिला फुकट जगण्याची सवय होती. काय द्यायचं ते ठरलं असतं, कुणी सांगितलं असतं, तर तिने केव्हाच देऊन टाकलं असतं. पण ज्याला द्यायचं तोच जाऊन बसला होता, आणि तिच्या हाती उरलं होतं ते हे रोजचं उठणं, खाणं, श्वास घेणं, प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पानातलं उचलल्यासारखं.

"मी कुणाला सांगितलं नव्हतं माझ्या जागी मर म्हणून," ती म्हणाली. ते फार मोठ्याने निघालं. आतल्या खोलीत कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला.

माधुरीचे हात थांबले. "कुणीच नव्हतं सांगितलं," ती हळू म्हणाली. "तू कुणाबद्दल बोलतेस, स्नेहल?"

स्नेहल वाल सोलत राहिली. अंगठ्याची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती. "तो परत येणार म्हणतेस. आल्यावर काय विचारणार?"

"न्याय करणार सगळ्यांचा. पण जे त्याचे झाले त्यांना भिण्यासारखं नाय."

"ते राहू दे. मला विचारणार काय? समोर उभा राहिला की पहिलं वाक्य काय?"

"ते मला नाय सांगता येणार," माधुरी म्हणाली. "मला आपलं वाटतं, नावाने हाक मारेल. प्रार्थना करू का तुझ्यासाठी?"

"नको," स्नेहल पटकन म्हणाली आणि उठली. जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी म्हणालं, "बाय."

ती थांबली. दुपारचा जिना, फिनाईलचा वास, कुणाच्या तरी दाराबाहेरच्या चपला. वर कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. बाय तिला एकच माणूस म्हणत असे, कान्हा. त्याला स्नेहल म्हणता येत नव्हतं, पुढचे दोन दात पडलेले होते. एखाद्या खिडकीतून आला असेल, कुणी फोनवर बोलत असेल. तिने वळून बघितलं नाही. मागे पांदीत नखांचा आवाज येत असतानाही ती अशीच न वळता चालत असे.

रविवारी ती भूमिकाला घेऊन निघाली. अमोलला झोपायचं होतं. "चिकन बिर्याणी झाली तर डबा आण," तो चादरीतून म्हणाला. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावपर्यंत एसटी, पुढे टोकावड्यापर्यंत जीप, आणि तिथून महिपतकाका मोटारसायकल घेऊन आलेला. भाताची कापणी झाली होती. शेतात नुसती बुडखं उरलेली, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, आणि त्यांच्यामागे डोंगर इतका जवळ की तो रात्रीतून एक पाऊल पुढे आलाय असं वाटावं. गाव गप्प होतं. पोरं नोकऱ्यांना गेलेली, म्हातारी उन्हाला बसलेली. ती सगळी तिच्याकडे बघत होती, मग भूमिकाकडे, मग परत तिच्याकडे. ही ती. ज्या पोरीचं पोराने घेतलं ती. आणि ही हिची.

अंगणात डालगं होतं. वर दगड.

तेच नसणार, बांबू इतकी वर्षं टिकत नाही. जनाबाईने पोरीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "चाय घे, मग जाऊन येऊ शिवेवर. उगाच ऊन व्हायला नको." महिपतकाका पडवीत कोयत्याला धार लावत बसला, एका लयीत, खर्र, खर्र. चहात गूळ जास्त झाला होता. स्नेहलला बसल्या जागेवरून डालग्याच्या कामट्यांतून तांबडं काहीतरी हललेलं दिसलं, आणि मग एक डोळा. तो पांढरा नव्हता. तिने नीट बघितलं, नाहीच. चांगला, केशरी, गोल. पण तो तिच्याकडेच होता, आणि ओळख असल्यासारखा होता.

भूमिका डालग्यापुढे उकिडवी बसली होती. "आजी, याला का कोंडलाय?"

"देवाला द्यायचाय गो बाय."

"का?"

"तुला परत ताप येऊ नये म्हणून."

भूमिकाने विचार केला. ती विचार करताना खालचा ओठ बोटाने ओढते. "पण ते झालंय," ती म्हणाली.

"काय झालंय?"

"मरून झालंय. माझ्या जागी एक जण मेलाय. आता याने कशाला मरायचं?"

जनाबाईच्या हातातली बशी कलली, चहा लुगड्यावर सांडला. कोयत्याची खर्रखर्र थांबली. "तू सांगितलंस पोरीला?" जनाबाई स्नेहलकडे बघत म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "कान्हाचं सांगितलंस? एवढ्याशा पोरीला?"

"नाही गो आये, ती दुसरंच—" स्नेहल म्हणाली आणि थांबली. दुसरं म्हणजे काय, हे तिला पुढे सांगता येईना. तेवढ्यात भूमिकाने दोन्ही हातांनी दगड ढकलला. तो डालग्यावरून घरंगळत बाजूला पडला, चित्रात होता तसा. तिने डालगं एका कडेने उचललं.

"अरे, धर तिला!" महिपतकाका पडवीतून ओरडला.

पण जनाबाई हलली नाही. ती आहे तिथेच मटकन बसली. "असाच," ती म्हणाली. "असाच उचलला व्हता त्यानं."

"कुणी?"

"कान्हानं. रातचा उठला. म्या तुझ्या उशाशी जागीच व्हते. त्यानं दगड काढला, कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवला, सोडला. आन् दगड परत जागेवर ठेवला, बोबाटा नको म्हणून. मला बोलला, आये, बाय बरी व्हणार हाय. मग ह्याला कशाला मारायचा? म्या बोलले, झोप मुकाट. मला वाटलं, सकाळी धरू. हाताचा तर कोंबडा, जातोय कुठं." ती पदराने चहाचा डाग पुसत राहिली, पुसून झाल्यावरही. "कुणाला बोलले नाय. काय बोलू? गाव म्हणलं चेड्यानं नेला, म्या म्हणलं बरं, नेला. पण त्या कोंबड्याला कापू दिला नाय म्या कुणाला. म्याच दाणे टाकायची, तू शाळेत गेल्यावर. त्यानं सोडलेला व्हता ना."

उन्हात सगळं फार स्पष्ट दिसत होतं, शेणाने सारवलेल्या अंगणातली बोटांची वळणंसुद्धा. स्नेहलला वाटलं, इतकी वर्षं आपण एकाच जागी उभं राहून एक दार बघत होतो आणि ते बाहेरून बंद आहे असं समजत होतो. घेतलं नव्हतं त्याच्याकडून. हाताला लागला म्हणून नेला नव्हता. तो उठला होता, दोन दात पडलेला, रात्रीचा, स्वतःच्या पायांनी. आणि बाय बरी होणार आहे हे त्याला नक्की माहीत होतं, कुणी सांगितलं नव्हतं तरी. ती बरी झाली होती. आणि तो मेला होता. यातलं काय कशामुळे हे बी.एस्सी.ला नव्हतं, पाणवठ्यावरच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं, माधुरीलासुद्धा सांगता येणार नव्हतं. फक्त एवढं होतं की दगड आतून नाही, बाहेरून, हाताने काढलेला होता. आता तीच वेळ परत आली होती, तिच्यासमोर, तेवढ्याच उंचीची. हे माहीत असताना, त्या रात्रीनंतर काय झालं ते माहीत असताना, तिने पोरीच्या हातातलं डालगं खाली दाबायचं होतं किंवा नव्हतं. तिचा पालथा हात आपोआप वर आला, भूमिकाच्या कपाळाच्या दिशेने. तिने तो मध्येच धरून ठेवला.

कोंबडा जात नव्हता. डालगं वर उचललेलं होतं, चारी बाजू मोकळ्या होत्या, आणि तो उभा होता, एक पाय पोटाशी घेऊन, मान वाकडी करून तिच्याकडे बघत. मागचा पळाला होता. हा वाट बघत होता. महिपतकाका वाकून, हात पसरून हळूहळू जवळ येत होता, त्याची सावली कोंबड्याच्या शेपटीला लागली.

"हुश्," स्नेहल म्हणाली. मग तिने दोन्ही हातांनी टाळी वाजवली, कोरड्या, रिकाम्या अंगणात ती बंदुकीसारखी वाजली. "हुश्! जा! झालंय म्हणते ना ती, जा!"

कोंबडा उडाला, उडवीवर टेकला, तिथून बांधावर, आणि बुडखांतून डोंगराच्या बाजूला तांबडा, मग काळा, मग दिसेनासा झाला.

"शिकलीस ते हेच का गो?" महिपतकाका कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "आता पोरीला काय झालं तर आमच्या दारात रडत येऊ नको." जनाबाई उठली, भूमिकाच्या हातातून डालगं घेतलं, जागेवर पालथं घातलं, आणि त्याच्यावर दगड ठेवला. आत काही नव्हतं तरी. जाताना तिने पोरीच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि स्नेहलकडे बघितलं नाही. मग चालत टोकावड्यापर्यंत, जीपला सोडायला आली, आणि जीप हलल्यावर तिच्या गुडघ्यावर हात ठेवून एकदम काढून घेतला.

एसटीत भूमिका तिच्या मांडीवर झोपली. तिचं डोकं गरम लागत होतं. खिडकीतून ऊन येत होतं, त्याने लागत असेल. किन्हवली आली, गेली, ऊन दुसऱ्या बाजूला गेलं, डोकं गरमच लागलं. घरी थर्मामीटर लावला तर ताप नव्हता. हात म्हणत होता, आहे. अमोलने विचारलं, "बिर्याणी?" ती म्हणाली, "उडाली." तो हसला, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला आणि स्वतःच कुकर लावायला उठला. फ्रिजवर कागद होता. त्यातलं काळं आज नुसतं काळं होतं, खडूचं, आत कोणीच नसलेलं. झोपताना तिने मनात काहीतरी म्हटलं. ती प्रार्थना होती की नाही, कुणाला उद्देशून होती, माधुरीच्या देवाला की दात पडलेल्या एका पोराला, हे तिला वेगळं करता येईना. एवढंच म्हटलं की बरं, घेतलं. तू दिलंस ते मी घेतलं.

जाग आली तेव्हा खिडकी करडी झाली होती. अमोल भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तिचा हात नेहमीसारखा, ती पुरती जागी व्हायच्या आधीच, चादरीवरून शेजारी सरकला होता. भूमिका पाठ करून निजली होती, हलत नव्हती. खांदा वरखाली होतोय का ते या उजेडात कळत नव्हतं. हात कपाळापासून वीतभर अंतरावर होता. कपाळाची ऊब हवेतून लागते का, की ती तिच्याच हाताची ऊब होती? एवढंच करायचं होतं, टेकवायचा. पोर जन्मली त्या दिवसापासून एकही सकाळ ती हात टेकवल्याशिवाय उठली नव्हती. तिच्या मनगटात कळ येऊ लागली. मग तिने तो हात मागे घेतला. घेताना जड लागला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. ती उठली, मागे न बघता स्वयंपाकघरात गेली, दूध तापत ठेवलं आणि गॅसच्या निळ्या कडीकडे बघत उभी राहिली.

तेव्हा कोंबडा आरवला. अगदी जवळ, खिडकीखाली आरवावा तसा, लांब, भरलेल्या गळ्याने. या बिल्डिंगच्या आसपास कोंबड्या नव्हत्या. नाक्यावरच्या दुकानातल्या पांढऱ्या कोंबड्या आरवत नाहीत. ती खिडकीशी गेली नाही. दूध वर येऊ लागलं, तिने गॅस बारीक केला, आणि मागच्या खोलीतल्या शांततेला तसंच पाठीवर घेऊन उभी राहिली. पांदीतल्यासारखी. वळली नाही.

मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली.

"आई," मागून झोपेतला आवाज आला, "आपला कोंबडा आला का गं परत?"